सिंधहून आलेल्या भाऊंना देवनागरी कशी शिकवू? (मुलीच्या शाळेचंही विचारायचं आहे)

पलसीकर_कॉलनीची_ताई | ६ जून २०२४

नमस्कार. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमच्या मागच्या गल्लीत जानेवारीत एक कुटुंब राहायला आलं. पाकिस्तानातल्या सिंधचं, घोटकी जिल्ह्यातल्या एका गावचं. नवरा, बायको, त्याची आई, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. अटारीहून अमृतसर आणि तिथून रेल्वेनं इंदूर. त्यांच्या नात्यातले काही लोक आधीपासून इथे आहेत, त्यांनीच खोली बघून दिली. नावं मुद्दाम देत नाही, कारण पुढे येईल.

आम्ही भिशीतल्या चौघी त्यांच्याकडे जाऊन येऊन असतो. पहिला महिना कामात गेला. गॅस, पंखा, गाद्या, स्वयंपाकाची भांडी. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून टाकी लागते हे सांगणं. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की डबे घेऊन बाहेर यायचं, आणि ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि इलेक्ट्रॉनिक असं सहा ठिकाणी वेगळं टाकायचं. हे वहिनींनी दोन दिवसांत उचललं. आता त्या दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात.

भाऊंना सीतलामाता बाजारात कापडाच्या दुकानात काम मिळालं. तिकडे त्यांचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे थान उलगडणं, पन्हा सांगणं, मीटर मोजणं हातात मुरलेलं आहे. हिंदी बोलतात, सगळ्यांना कळतं. पण देवनागरी वाचता येत नाही. बस आली की पाटी वाचता येत नाही, म्हणून कंडक्टरला ओरडून विचारायचं, आणि गर्दीत तो ऐकतोच असं नाही. मेच्या उन्हात दोन-दोन बस सोडून उभे राहिलेले मी स्वतः बघितलंय. विजेचं बिल, दुकानातली चिठ्ठी, आईच्या औषधाच्या पाकिटावर केमिस्टनं लिहिलेलं "सुबह-शाम", सगळं कोणाला तरी दाखवून वाचून घ्यायचं.

मी ३१ वर्षं हिंदी माध्यमाच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलंय. म्हणून म्हटलं, हे माझं काम. बाजारातून अंकलिपी आणली, पाटी आणली, आणि मार्चपासून रविवारी सकाळी बसायला लागलो. क कमळाचा, ख खटाऱ्याचा. भाऊ मान खाली घालून गिरवतात. कधी नाही म्हणाले नाहीत. पण तीन महिन्यांत म्हणावी तशी प्रगती नाही. "दुकान" लिहा म्हटलं की "दकान" लिहितात. "मिठाई"ची "मठाई", "किराना"चा "कराना", "बिजली"ची "बजली". रोज तेच. मी दुरुस्त करते, ते मान डोलावतात, पुढच्या रविवारी पुन्हा "दकान". मुलीला त्यांच्या अर्ध्या वेळात येतं. तिच्यासमोर चुकले की ते वही मिटवतात.

एकदा "स" शिकवताना त्यांनी विचारलं, "अदी, कौन सा स?" (अदी म्हणजे ताई.) मी म्हटलं, अहो, स म्हणजे स. ते गप्प बसले. माझं काहीतरी चुकतंय हे मला त्या क्षणी जाणवलं, पण काय ते कळत नाही. मोठ्या माणसाला, ज्याची लिपीच उलट्या बाजूनं चालते, त्याला शिकवलेलं कोणी आहे का इथे?

दुसरं. मुलगी तिकडे पाचवी झालेली, सिंधी माध्यमात. जवळच्या एका शाळेत गेलो तर टीसी आणा, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी क्रमांक) आणा, आधार आणा, नाहीतर पहिलीत बसवा. अकरा वर्षांची उंच पोर पहिलीत? शाळा दहा दिवसांत उघडतायत.

आणि तिसरं, जे लिहिताना अजून वाईट वाटतं. चेटीचंडच्या (सिंधी नववर्षाच्या) वेळी आमच्यातल्या एकीनं त्यांच्या घरी धान्याची पिशवी देतानाचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. तिचा हेतू चांगला होता. तो फोटो फिरत फिरत भाऊंच्या फोनवर आला. त्यानंतर दोन रविवार ते आलेच नाहीत. वहिनींनी सांगितलं की त्यांचा धाकटा भाऊ अजून तिकडेच आहे. आम्ही फोटो काढून टाकला, माफी मागितली. ते "कोई बात नहीं" म्हणाले. पण घरात गेलं की आता सगळे उठून उभे राहतात, ते आधी नव्हतं.

एक चांगली गोष्टही विचारायची आहे. आजींची सख्खी बहीण उल्हासनगरला असते. १९ वर्षांत दोघींची भेट नाही. मुलांची शाळा सुरू व्हायच्या आधी गाडी करून त्यांना दोन दिवस नेऊन आणावं असं ठरवतोय. रस्त्यात कुठे थांबावं, ते सांगा.

मोबाईलवेडा_राजेंद्रनगर | ६ जून २०२४

काकू, पाटीवर फोनचा कॅमेरा धरला की फोन ती वाचून दाखवतो. सेटिंगमध्ये उर्दू भाषा घालून द्या, भाषांतरही होतं. बसच्या वेळी कामाला येईल. लागलं तर रविवारी येऊन फोनमध्ये घालून देतो, मी जवळच राहतो.

फॉर्मवाले_काका | ७ जून २०२४

ताई, सगळ्यात आधी: उल्हासनगरची गाडी रद्द करा. आजच.

पाकिस्तानी नागरिकाच्या व्हिसावर शहरांची नावं लिहिलेली असतात, आणि त्याला तेवढ्याच ठिकाणी राहता-फिरता येतं. लॉन्ग टर्म व्हिसा मिळाल्यावर राज्यात मोकळं फिरता येतं, उज्जैन, ओंकारेश्वरला घेऊन जा खुशाल. पण महाराष्ट्र दुसरं राज्य. परवानगी न घेता तिथे सापडले तर तुम्ही घरी याल, त्यांचा पुढचा सगळा अर्ज अडकेल. आजींच्या बहिणीला इकडे बोलवा. त्या भारतीय आहेत, त्यांना कुठलीच आडकाठी नाही. अवंतिका एक्सप्रेसमध्ये बसल्या की सकाळी इंदूर.

मी निवृत्तीनंतर नऊ वर्षं असे फॉर्म भरून देतोय. चुका सगळ्यात जास्त होतात त्या चांगल्या मनानं केलेल्या कामात. कोणी आपल्या घरी चार दिवस ठेवून घेतं आणि फॉर्म सी भरत नाही. परदेशी माणूस घरी उतरला की यजमानानं २४ तासांत तो भरायचा असतो, नातेवाईक असला तरी. घरमालकानं भरलाय का, विचारून घ्या. एफआरओकडे (परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे) नोंदणी झाली असेलच, पाकिस्तानी पासपोर्टवाल्याला तीही २४ तासांतच करावी लागते. त्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढून एक तुमच्याकडे ठेवा.

आता शाळा. शिक्षणहक्क कायदा २००९, कलम ४: मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी खास शिकवणी द्यायची. म्हणजे ती सहावीत, आणि हिंदी वाचनाची शिकवणी शाळेनं द्यायची. कलम ५: टीसी मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कायदा "प्रत्येक मूल" म्हणतो, वय ६ ते १४. प्रवेश देताना नागरिकत्व विचारा असं त्यात कुठेही नाही. तिकडची पाचवीची गुणपत्रिका असेल तर तिचं हिंदी भाषांतर करून जोडा.

समग्र आयडी आणि आधार नंतर होतील. आधारासाठी मागच्या १२ महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेलं असावं लागतं. जानेवारीत आले म्हणजे जुलैपर्यंत थांबा. त्याआधी एखादा एजंट "करून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. एवढ्यानं बहुतेक वेळा काम होतं. न झाल्यास संकुल प्राचार्य, मग बीआरसी (गट पातळीवरचं शिक्षण कार्यालय), मग डीईओ (जिल्हा शिक्षणाधिकारी). १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर, तक्रार हा शेवटचा मार्ग, आणि तो भाऊंना विचारल्याशिवाय वापरू नका. तक्रारीवर नाव त्यांचं लागतं.

अजून एक, कारण मार्चपासून मला रोज हेच विचारतात. ११ मार्चला सीएएचे (नागरिकत्व सुधारणा कायद्याचे) नियम आले ते ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांसाठी. हे कुटुंब यंदा आलंय, त्यांना ते लागू नाहीत. त्यांना आशा लावू नका. त्यांचा रस्ता लॉन्ग टर्म व्हिसाचा. तो मिळाला की बँकेत खातं, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, स्वतःचा धंदा, राहण्यापुरतं छोटं घर, एवढं करता येतं. नागरिकत्व पुढे रहिवासाची वर्षं भरल्यावर. आपल्या कलेक्टरांना नागरिकत्व देण्याचे अधिकार डिसेंबर २०१६ मध्ये मिळाले, तेव्हा देशातल्या १६ जिल्ह्यांत मध्य प्रदेशातले इंदूर आणि भोपाळ होते. पण वर्षं भरावीच लागतात.

रामबागची_सून | ७ जून २०२४, रात्री

ताई, माझं माहेर सिंधी, सासर रामबागेतलं मराठी. माझे आजोबा शिकारपूरहून १९४८ मध्ये आले. तुमची "दकान" वाचली आणि त्यांची वही डोळ्यांसमोर आली. ते शेवटपर्यंत दुधाचा हिशोब सिंधीत ठेवायचे, वही मागून उघडायचे.

भाऊ चुकत नाहीयेत. ते त्यांच्या लिपीच्या नियमानं अगदी बरोबर लिहितायत. तिकडच्या सिंधीत ५२ अक्षरं आहेत, अरबी वळणाची, १८५३ मध्ये इंग्रजांच्या अमलात ठरवलेली. त्या लिपीत दीर्घ स्वर लिहितात आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, वाचणारा आपल्या मनानं भरतो. म्हणून "दुकान"मधला आ त्यांनी लिहिला, उ सोडला. "मिठाई"तला आ आणि ई दोन्ही लिहिले, पहिली वेलांटी सोडली. तुम्ही दिलेले चारही शब्द बघा, प्रत्येकात फक्त ऱ्हस्व गळलाय. एकाही शब्दात दीर्घ गळलेला नाही.

त्या ऱ्हस्व स्वरांना तिकडे खुणा आहेत, लहान मुलांच्या पुस्तकात छापतात. भाऊंना त्यांची नावं माहीत असणारच: ज़बर, ज़ेर, पेश. त्यांना एवढंच सांगा की पहिली वेलांटी म्हणजे ज़ेर, पहिला उकार म्हणजे पेश, आणि देवनागरीत हे दोन्ही प्रत्येक वेळी लिहावेच लागतात. ज़बर, म्हणजे अ, लिहायचा नाही, तो अक्षराच्या पोटातच असतो. मला वाटतं एका बैठकीत समजेल.

आणि "कौन सा स" हा फार हुशारीचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे स ला तीन अक्षरं आहेत, ज़ ला चार, त ला दोन, ह ला दोन. शब्द अरबीतून आला की फारसीतून की आपला, यावर ठरतं. ते तुम्हाला शुद्धलेखन विचारत होते. उलट ख, थ, फ, भ त्यांना लगेच जमले असतील, कारण सिंधीत त्यांना स्वतंत्र अक्षरं आहेत.

मॅट्रिक झालेत का ते विचारा. माझा अंदाज आहे झाले असतील. ताई, राग मानू नका, पण दोन लिप्या वाचणाऱ्या, वीस वर्षं खातेवही लिहिलेल्या माणसाच्या हातात अंकलिपी आणि पाटी दिली तर तो गिरवेल, कारण तुम्ही मोठ्या आहात आणि मदत करताय. पण मुलीसमोर त्याची मान खाली जाईल. आमच्या आजोबांना इथे एका ऑफिसात सहीच्या जागी अंगठा लावायला सांगितलं होतं. त्यांनी लावला. घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत, हे आजी सांगायची.

अंकलिपी ठेवून द्या. त्यांच्या दुकानाची बिलं घ्या. शर्टिंग, सूटिंग, अस्तर, कटपीस. रोज ज्या बसनं जातात तिच्या पाटीचा फोटो घ्या. आणि मुलीला त्या तासाला दुसऱ्या खोलीत बसवा.

फोटोबद्दल. माफी मागितलीत, पुरे, पुन्हा पुन्हा मागू नका. घरात सगळे उठून उभे राहतात कारण तुम्ही दरवेळी काहीतरी द्यायला येता. एकदा मागायला जा. वहिनींना कोकी (जाड सिंधी पोळी) शिकवायला सांगा, किंवा त्यांच्याकडून कमळकाकडीची भाजी करून घ्या. बाजारात तिला भें म्हणून मागा.

पलसीकर_कॉलनीची_ताई | ३० जून २०२४

उशिरा लिहितेय, आधी करून बघायचं होतं.

काकांचा निरोप वाचून त्याच रात्री गाडीवाल्याला फोन केला. कागदपत्रं बघितली. व्हिसावर इंदूर एकच नाव. लॉन्ग टर्म व्हिसाचा अर्ज दिलेला आहे, अजून आलेला नाही. म्हणजे उल्हासनगर तर सोडाच, उज्जैनसुद्धा नाही. काका, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही त्यांना घेऊन गेलो असतो, आणि भाऊ आम्हाला नाही म्हणू शकले नसते. त्यांना नियम माहीत होता. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "आप लोग इतने खुश थे." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. फॉर्म सी घरमालकानं भरलेला होता. आजींच्या बहिणीला फोन केला, त्या जुलैत येतायत.

शाळेत कलम ४, ५ आणि १४ लिहून लेखी अर्ज दिला. पोच मागितली तेव्हा आतून दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी शांतपणे वाचला, आणि सहावीत नाव घातलं. धाकटा दुसरीत. खास शिकवणी शाळेत काय होईल ते होईल, मी संध्याकाळी एक तास घेतेय.

आता भाऊ. हो, मॅट्रिक आहेत. तीन महिन्यांत मी हे विचारलंच नव्हतं. अंकलिपी कपाटात ठेवली. रामबागकर, तुमचं वाचून दाखवलं. ज़ेर, ज़बर, पेश म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या गावाचं नाव घेतलं. मग स्वतः वही ओढून घेतली आणि आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली, उजवीकडून डावीकडे, एकटाकी. इतकं देखणं अक्षर! चार महिने मी या माणसाचा वाकडातिकडा "क" बघत होते. त्या ओळीवर त्यांनी बारीक खुणा केल्या, ज़ेर खाली, पेश वर, आणि खाली देवनागरीत तीच ओळ लिहिली. "दुकान"ला उकार होता.

मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. आता शेवटची वीस मिनिटं ते शिकवतात. एक होडीसारखा आकार आहे, आणि सगळा खेळ टिंबांचा. खाली एक टिंब म्हणजे ब. खाली तीन म्हणजे प. खाली चार म्हणजे भ. वर दोन त, वर चार थ. खाली दोन, एकाखाली एक, म्हणजे आत ओढलेला ब, जो मला अजून म्हणताच येत नाही. "ॿार" म्हणजे मूल आणि "बार" म्हणजे ओझं, आणि मी दरवेळी त्यांच्या मुलांना ओझं म्हणते, तेव्हा आजी पदर तोंडाला लावून हसतात. चष्मा लावूनही टिंबं मोजता मोजता डोळे दुखतात. पहिलीतली मुलं "घ" आणि "ध"मध्ये का अडखळायची ते ६१व्या वर्षी कळतंय.

मुलगी आता दुसऱ्या खोलीत बसते, दार मात्र उघडं असतं. परवा तिनं आतून माझी चूक दुरुस्त केली.

राजेंद्रनगरचे आपण खरोखर आलात आणि फोनमध्ये घालून दिलंत, आभारी आहे. बसला भाऊ तो वापरतात, पण आधी पाटी स्वतः वाचतात आणि मग फोन धरून ताडून बघतात.

वहिनींची कोकी झाली. मला जाड लाटायची सवय नाही, माझ्या कडा फाटल्या. त्यांनी माझ्या हातातून लाटणं काढून घेतलं, आणि या घरात पहिल्यांदा कोणी मला "बसा" न म्हणता "हटा" म्हटलं.

एका ठिकाणी अडलोय. कालच्या बिलात "शर्टिंग" होतं. भाऊ विचारतात, र आधी ऐकू येतो, मग तो ट च्या डोक्यावर का बसवलाय? मी मुलांना "रफार असाच असतो" म्हणून सांगत आले. त्यांना हे उत्तर देववत नाही. रामबागकर, तुमच्या लिपीत याला काही आहे का?

रामबागची_सून | ३० जून २०२४, रात्री

आहे. जज़्म. ज्या अक्षराला स्वरच नाही त्याच्यावर ती खूण करतात. त्यांना सांगा, र वर जज़्म आहे, म्हणून त्याला स्वतःची जागा नाही, तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. "कर्ज़", "मर्द", "गर्मी" त्यांच्या अक्षरात लिहून घ्या आणि जज़्म करायला लावा. मग तीच तीन देवनागरीत.

आणि आत ओढलेल्या ब साठी ओठ मिटून श्वास आत घ्या, मग सोडा. आजींच्या तोंडाकडे बघून म्हणा, भाऊंच्या नको. त्यांच्या मिशा आड येत असतील.